जुन्या विंडोजसाठी लिहिलेला पर्जन्यनोंदींचा प्रोग्राम लिनक्सवर चालवण्याबाबत (चर्चामंचावरील संवाद; प्रत्येक भागावर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे)

नोंदवही

एका जुन्या प्रोग्रामवर माझे गेल्या बावीस वर्षांचे काम अवलंबून आहे, आणि तो ज्या संगणकावर चालत असे त्या संगणकाने मागच्या महिन्यात कायमची मान टाकली. गच्चीवर माझा पर्जन्यमापक आहे. त्यात दोन बाजूंना झुकणारी एक लहान वाटी असते, ०.२ मिलिमीटर पाऊस साचला की ती कलते आणि जोडलेल्या नोंदपेटीत एक खूण पडते. या खुणा सिरियल केबलमधून संगणकात उतरवून घेणे, त्यांना दिनांक आणि वेळ लावणे व रोजच्या बेरजा एका एमडीबी फाइलीत (मायक्रोसॉफ्ट अॅक्सेसच्या डेटाबेसच्या फाइलीत) साठवणे, एवढेच काम हा प्रोग्राम करतो. तो व्हिज्युअल बेसिक ६ या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला आहे. तो ज्यांनी तयार केला त्यांचा व्यवसाय केव्हाच बंद झाला. मूळ सीडी मात्र माझ्याकडे सुस्थितीत आहे आणि एमडीबी फाइलीच्या प्रतीही आहेत.

जुन्या संगणकावर विंडोज एक्सपी होती. माझ्या दुसऱ्या संगणकावर ६४-बिट विंडोज १० आहे. तिथे सीडीवरचा स्थापनेचा प्रोग्राम सुरूच होत नाही. ‘हा प्रोग्राम या संगणकावर चालू शकत नाही’ एवढाच संदेश येतो. शिवाय विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय त्या संगणकात नाही. म्हणून मी त्यावर लिनक्स घालण्याचे ठरवले आहे.

प्रोसेसर तर दोन्हीकडे एकाच घराण्यातला आहे. मग विंडोजची एक्झी फाइल लिनक्सवर नुसती उघडून का चालत नाही, हे मला आधी समजून घ्यायचे आहे. त्यानंतर वाइन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारे सॉफ्टवेअर) वापरावे की आभासी संगणक (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक) उभा करून त्यात जुनी विंडोज घालावी, याबद्दल सल्ला हवा आहे. सिरियल केबलचे काय होईल याची मला सर्वाधिक काळजी वाटते, कारण नोंदपेटीशी बोलता आले नाही तर बाकी सगळे चालूनही उपयोग नाही.

दुवासाधक

आधी कारण सांगतो, कारण ते नीट लक्षात आले की कोणता पर्याय कुठे अडेल हे तुम्हाला स्वतःलाच ओळखता येईल.

बेरीज, तुलना, स्मृतीतली ने-आण या गोष्टी प्रोग्राम थेट प्रोसेसरला सांगतो आणि त्या सूचना लिनक्सवरही जशाच्या तशा चालतात. फाइल उघडणे, पडद्यावर खिडकी काढणे, पोर्टवरून अक्षरे वाचणे यांपैकी मात्र काहीही त्याला स्वतःच्या बळावर करता येत नाही. त्यासाठी तो ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागणी करतो. विंडोजमध्ये ही मागणी कर्नल३२, यूझर३२, जीडीआय३२ अशा डीएलएल फाइलींतल्या (अनेक प्रोग्रामना सामाईक असलेल्या कोडच्या फाइलींतल्या) ठरावीक नावांच्या फंक्शनमार्फत जाते. लिनक्समध्ये ती नावेही नाहीत आणि त्यामागची यंत्रणाही वेगळी आहे. त्याहीआधी फाइलीच्या मांडणीपाशीच गाडी अडते. विंडोजची एक्झी फाइल एम आणि झेड या दोन अक्षरांनी सुरू होते, लिनक्सची चालवण्याजोगी फाइल ईएलएफ या खुणेने. त्यामुळे लिनक्सचा लोडर तुमची फाइल उघडतो, ओळखीची खूण सापडत नाही आणि तो तिथेच थांबतो.

वाइन नेमकी ही दोन कामे करते. ती विंडोजच्या मांडणीची फाइल वाचून स्मृतीत बसवते आणि प्रोग्राम ज्या नावांनी हाक मारतो त्या नावांची, पण स्वतंत्रपणे नव्याने लिहिलेली फंक्शन त्याच्यापुढे ठेवते. ही फंक्शन आतून लिनक्सला काम सांगतात. प्रोसेसरची नक्कल कुठेच होत नाही, त्यामुळे वेगात फारशी घट येत नाही; वाइन हे नावच ‘वाइन म्हणजे एम्युलेटर नव्हे’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याच्या आद्याक्षरांवरून घेतलेले आहे. हा प्रकल्प १९९३ मध्ये विंडोज ३.१ चे प्रोग्राम लिनक्सवर चालवण्यासाठी सुरू झाला, १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार्ड त्याचे नेतृत्व करत आहेत, आणि १.० ही आवृत्ती यायला २००८ चा जून उजाडला. पंधरा वर्षे लागली याचे मला नवल वाटत नाही. मायक्रोसॉफ्टचा मूळ कोड ज्याने पाहिला आहे त्याला या प्रकल्पात हातभार लावता येत नाही, असा तिथला कडक दंडक आहे. म्हणजे प्रत्येक फंक्शन कसे वागते हे बाहेरून चाचण्या घेऊनच शोधावे लागते, त्यातल्या नोंद नसलेल्या सवयींसकट. या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे. मायक्रोसॉफ्टचा कोड नसल्यामुळेच वाइन वापरायला विंडोजचा परवाना लागत नाही.

आता तुमच्या ६४-बिट विंडोजवरच्या नकाराबद्दल. त्या काळातले पुष्कळ प्रोग्राम स्वतः ३२-बिट असत, पण त्यांचा स्थापनेचा प्रोग्राम १६-बिट असे, कारण एकच सीडी जुन्या विंडोजवरही चालावी अशी अपेक्षा होती. ६४-बिट विंडोजमध्ये १६-बिट प्रोग्राम चालवण्याची सोयच ठेवलेली नाही. तुमचा मुख्य प्रोग्राम कदाचित तिथेही चालला असता. दार उघडणारा नोकर तेवढा अडला. वाइनमध्ये, ६४-बिट लिनक्सवरसुद्धा, १६-बिट प्रोग्राम चालण्याची व्यवस्था आहे. एक सावधगिरी बाळगा: ९.० या आवृत्तीत ३२-बिट प्रोग्राम लिनक्सच्या ३२-बिट लायब्रऱ्यांशिवाय चालवण्याची एक नवी पद्धत पूर्णत्वास आली, तिच्यात तेव्हा १६-बिट कोड चालत नव्हता. म्हणून ३२-बिट लायब्रऱ्यांसह येणारी नेहमीची वाइन बसवा. तरीही स्थापना अडली तर अनशील्ड नावाचे लिनक्सवरचे साधन इन्स्टॉलशील्ड या स्थापनेच्या प्रोग्रामच्या गुंडाळलेल्या कॅब फाइली थेट उलगडून देते.

व्हिज्युअल बेसिक ६ चे प्रोग्राम वाइनवर सहसा चांगले चालतात. त्यांना एमएसव्हीबीव्हीएम६० ही डीएलएल लागते आणि एमडीबी फाइली वाचण्या-लिहिण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे जेट इंजिन हे सॉफ्टवेअर लागते. दोन्ही गोष्टी बहुधा तुमच्या सीडीतूनच बसतील. नाही बसल्या तर वाइनट्रिक्स हा सोबतीचा प्रोग्राम त्या आणून बसवतो.

सिरियल पोर्टबद्दल थोडक्यात सांगायचे तर, प्रोग्राम विंडोजच्या रीतसर फंक्शनमधून पोर्ट उघडत असेल तर वाइन ती मागणी लिनक्सच्या सिरियल उपकरणाकडे पोहोचवते आणि काम होते. तो पोर्टच्या हार्डवेअरला थेट हात घालत असेल तर होत नाही. तुमचा प्रोग्राम एक्सपीवर चालत होता, आणि एक्सपीही सामान्य प्रोग्रामला थेट हात घालू देत नसे, त्यामुळे तो पहिल्या प्रकारचा असण्याची शक्यता बरीच आहे.

आतलेघर

वरच्या उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, पण बावीस वर्षांच्या सलग नोंदी पणाला लागलेल्या असताना मी आभासी संगणकाचाच मार्ग धरला असता, आणि त्याची कारणे मांडतो.

वाइन विंडोजच्या वागणुकीची पुनर्रचना करते. ती कितीही उत्तम असली तरी एखाद्या कोपऱ्यातल्या फंक्शनचे वागणे मूळ विंडोजपेक्षा किंचित वेगळे निघू शकते, आणि असा फरक प्रोग्राम बंद पडण्याच्या रूपाने समोर आला तर ते सुदैवच म्हणायचे. तो आकड्यांत मुरला तर कळायला महिने जातात. आभासी संगणकात खरी विंडोजच चालते. तिला वाटते की आपल्याखाली डिस्क, पडदा, सिरियल पोर्ट असलेले यंत्र आहे. प्रत्यक्षात ती सगळी उपकरणे सॉफ्टवेअरने उभी केलेली असतात आणि प्रोसेसरच्या सूचना मात्र खऱ्या प्रोसेसरवरच धावतात. ही कल्पना मोठ्या संगणकांच्या जगात जुनी आहे. आयबीएमची व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ मधली. इंटेलच्या घराण्यातल्या प्रोसेसरवर मात्र ते बराच काळ अवघड होते, कारण काही सूचना अशा होत्या की त्या आतल्या पाहुण्या प्रणालीने दिल्या तरी बाहेरच्या यजमान प्रणालीला त्याचा पत्ता लागत नसे. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये अशा सूचना धावता धावता बदलून ही अडचण ओलांडली, आणि इंटेल व एएमडी यांनी २००५ आणि २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच त्यासाठी आधार दिला. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, केव्हीएम ही आभासी संगणक चालवण्याची यंत्रणा २००७ पासून आहे. त्याच कामाचा व्हर्च्युअलबॉक्स हा प्रोग्राम वापरायला त्याहून सोपा वाटेल. संगणकाच्या प्राथमिक सेटिंगमध्ये ही आभासीकरणाची सोय कधीकधी बंद ठेवलेली असते, ती आधी सुरू करून घ्या.

सिरियल पोर्टचे इथे सरळ आहे. यजमान संगणकावरचे सिरियल उपकरण पाहुण्याचा कॉम१ म्हणून दाखवा, प्रोग्रामला वेगळे काही जाणवणार नाही. थेट हार्डवेअरला हात घालणारा प्रोग्राम असला तरीही पोर्टची नक्कल तिथे हजर असते. समांतर पोर्टला किंवा यूएसबीला लावायच्या कुलूपकिल्ल्यांची (ज्या जोडल्याशिवाय प्रोग्राम चालत नाही अशा लहान उपकरणांची) गोष्टही अशीच आहे. त्यांना विंडोजच्या कर्नलमध्ये बसणारा ड्रायव्हर लागतो आणि असे ड्रायव्हर वाइनमध्ये सहसा चालत नाहीत. तुमच्या बाबतीत हा प्रश्न दिसत नाही, पण हे उत्तर वाचणाऱ्या आणखी कोणाला उपयोगी पडेल.

दोन गोष्टींचे भान मात्र ठेवावे लागेल. आत घातलेल्या विंडोजला परवाना लागतोच. जुन्या संगणकाबरोबर आलेला परवाना बऱ्याचदा त्या यंत्रापुरताच दिलेला असतो, तेव्हा त्याच्या अटी वाचून घ्या. तसेच एक्सपीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे केव्हाच थांबले आहे, म्हणून पाहुण्या संगणकाचे नेटवर्क कार्ड काढूनच टाका. तुमच्या कामाला इंटरनेटची गरज नाही.

आणि तुमच्या कामासाठी तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे: घड्याळ. आभासी संगणक बंद न करता त्याची अवस्था गोठवून ठेवली आणि चार दिवसांनी पुन्हा जागी केली, तर आतल्या विंडोजचे घड्याळ चार दिवस मागे असू शकते. यजमानाच्या घड्याळाशी जुळवून घेणारे पूरक सॉफ्टवेअर आत बसवले असेल तर ते सावरले जाते. तुमचा प्रोग्राम खुणा उतरवताना संगणकाच्या घड्याळावरून दिनांक लावत असेल, तर ही चूक थेट पर्जन्याच्या नोंदीत जाईल. म्हणून विंडोज दर वेळी रीतसर बंद करून पुन्हा सुरू करा.

दुवासाधक

घड्याळाचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता, तो अगदी रास्त आहे. वाइनमध्ये प्रोग्राम थेट लिनक्सचेच घड्याळ पाहतो, त्यामुळे तिथे ही भीती राहत नाही. आकड्यांत मुरणाऱ्या फरकाची भीती खरी आहे, पण तिची परीक्षा घेता येते. जुन्या संगणकावर काढलेले छापील अहवाल असतील तर त्याच महिन्यांचे अहवाल वाइनवर काढा आणि ओळ न् ओळ ताडून पाहा. हे सर्व एमडीबी फाइलीच्या प्रतीवरच करा, मूळ फाइलीला हातही लावू नका.

वाइनच्या सुरक्षिततेबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. ती वेगळी बंद पेटी नव्हे. घरफोल्डरमधल्या वाइनच्या लपलेल्या फोल्डरात सी ड्राइव्ह उभी केली जाते हे खरे, पण त्याच वेळी झेड ड्राइव्ह म्हणून तुमची संपूर्ण फाइलव्यवस्था प्रोग्रामला दाखवली जाते आणि तुम्हाला ज्या फाइली बदलता येतात त्या त्यालाही येतात. वाइनच्या सेटिंगच्या खिडकीतून झेड काढून टाकता येते, मात्र तेवढ्याने अभेद्य भिंत उभी राहत नाही. विश्वासाचा नसलेला प्रोग्राम वाइनवर चालवू नये, आणि कोणताही प्रोग्राम रूट, म्हणजे सर्वाधिकारी, वापरकर्ता होऊन तर कधीच चालवू नये.

नोंदवही

दोघांचेही मनःपूर्वक आभार. गेले चार दिवस यावरच घालवले. प्रथम वाइनने सुरुवात केली. स्थापना सुरळीत झाली. जो प्रोग्राम ६४-बिट विंडोजने नाकारला तो लिनक्सवर पाच मिनिटांत उघडला, आणि जुनी करडी खिडकी पडद्यावर दिसली तेव्हा फार बरे वाटले.

पुढे दोन अडचणी आल्या आहेत. नव्या संगणकाला सिरियल पोर्ट नाही, म्हणून मी यूएसबी ते सिरियल असा जोड घेतला. लिनक्सने तो ओळखला. सिरियल पोर्ट वापरण्याची परवानगी असलेल्या डायलआउट या गटात माझे नाव नव्हते म्हणून सुरुवातीला परवानगी नाकारली गेली, ते मी दुरुस्त केले. परंतु वाइनमध्ये हा जोड कॉम३३ म्हणून दिसतो आणि प्रोग्राममध्ये पोर्टचा क्रमांक ३३ घातला की तो अवैध मूल्याची चूक दाखवून थांबतो.

दुसरी अडचण अधिक चमत्कारिक आहे. प्रतीवर चाचणी म्हणून मी हाताने काही नोंदी घातल्या. १३ तारखेपासून पुढच्या सर्व नोंदी योग्य जागी गेल्या, पण १ ते १२ तारखांच्या नोंदी भलत्याच महिन्यांत जाऊन बसल्या. ३ जुलैचा पाऊस ७ मार्चला लागला आहे. आकडे मात्र अचूक आहेत. आतलेघर यांनी ज्या मुरलेल्या चुकीची धास्ती घातली होती ती हीच का?

दुवासाधक

पोर्टचे कोडे सुटण्यासारखे आहे. लिनक्सवरच्या नेहमीच्या सिरियल पोर्टांसाठी वाइन पहिले ३२ क्रमांक राखून ठेवते, ते प्रत्यक्षात असोत वा नसोत, आणि यूएसबीचा जोड त्यांच्यामागे ३३ वर जातो. व्हिज्युअल बेसिक ६ चे सिरियल संवादाचे नियंत्रण मात्र १ ते १६ एवढेच क्रमांक मान्य करते. तुमचा प्रोग्राम तेच नियंत्रण वापरत असणार. वाइनच्या रजिस्ट्री (विंडोजच्या पद्धतीने सेटिंग साठवण्याची जागा) संपादकात, स्थानिक यंत्राच्या शाखेखाली, सॉफ्टवेअर, त्याखाली वाइन आणि त्याखाली पोर्ट्स अशी कळ तयार करा. तिच्यात कॉम१ या नावाचे मजकुरी मूल्य घालून त्यापुढे तुमच्या यूएसबी जोडाचा लिनक्सवरचा संपूर्ण मार्ग लिहा. त्यानंतर वाइनचे सर्व प्रोग्राम बंद होऊन तिचा सर्व्हर थांबला आहे याची खात्री करून पुन्हा सुरू करा. प्रोग्रामला कॉम१ सांगितले की नोंदपेटी बोलू लागेल.

तक्ताघर

मी बराच काळ एमडीबी फाइलींमधून माहिती सोडवून देण्याचे काम केले आहे, म्हणून दिनांकाच्या प्रश्नावर लिहितो. हा वाइनचा दोष नाही आणि खरी विंडोज वापरली असती तरी तो टळलाच असता असेही नाही.

वाइन सुरू होताना लिनक्समधली भाषा आणि प्रदेशाची निवड वाचते आणि त्यावरून विंडोजची प्रादेशिक सेटिंग भरते. तुमच्या लिनक्सवर स्थापनेच्या वेळी अमेरिकी इंग्रजी निवडलेली राहिली असावी. अमेरिकी क्रमात महिना आधी आणि दिवस नंतर येतो. व्हिज्युअल बेसिकला दिनांक मजकुराच्या रूपात दिला की ते प्रादेशिक क्रमाने त्याचा अर्थ लावते, म्हणून तीन-सात म्हणजे ७ मार्च होतो. पण तेरा-सात समोर आले की तेरावा महिना नसल्यामुळे ते काही न सांगता क्रम उलटा लावून पाहते आणि १३ जुलै मान्य करते. १२ तारखेपर्यंत चूक आणि १३ पासून बरोबर, हे या दुखण्याचे पक्के लक्षण आहे. मला स्वतःला ही सवय अतिशय घातक वाटते. इथे सरळ चूक दाखवून थांबणे हाच प्रामाणिक मार्ग होता, म्हणजे लक्षावधी नोंदी बिघडण्याआधी कोणाच्या तरी नजरेस आले असते. उपाय सोपा आहे: प्रोग्राम सुरू करताना दिवस आधी येणारी निवड, उदाहरणार्थ ब्रिटिश इंग्रजी, लागू करा. ती लिनक्सवर आधी तयार करून घेतलेली असली पाहिजे, नाहीतर ती मुकाट्याने बाजूला ठेवली जाते आणि तुम्हाला वाटते की उपाय लागू पडला नाही.

फाइलीतल्या जुन्या नोंदींची चिंता करू नका. एमडीबीमध्ये दिनांकाच्या प्रकारचा रकाना असेल तर तिथे मजकूर नसतोच. ३० डिसेंबर १८९९ पासून किती दिवस झाले एवढी संख्या असते आणि वेळ तिच्या अपूर्णांकात असतो. १ जानेवारी २००० म्हणजे ३६५२६. या संख्येला देश-प्रदेश काही नाही. गोंधळ फक्त मजकुराची संख्या होताना घडतो.

आता मला जे आग्रहाने सांगायचे आहे ते असे. वाइन असो वा आभासी संगणक, दोन्हींनी प्रोग्राम जिवंत राहतो. तुमच्या नोंदी मात्र त्या प्रोग्रामच्या आणि जेट इंजिनाच्या ताब्यातच राहतात. त्या आजच बाहेर काढा. लिनक्सवर एमडीबीटूल्स नावाचा साधनांचा संच आहे, त्याला विंडोजही लागत नाही आणि वाइनही नाही. तो फाइलीतल्या तक्त्यांची नावे दाखवतो आणि प्रत्येक तक्ता स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या मजकुरात काढून देतो. दिनांक बाहेर काढताना वर्ष, महिना, दिवस हा क्रम त्याला सांगा, म्हणजे पुन्हा संदिग्धता उरणार नाही. प्रोग्राम चालू असताना फाइलीची प्रत घेऊ नका; शेजारी एलडीबी या शेवटाची फाइल दिसत असेल तर कोणीतरी ती उघडलेली आहे असे समजा. आणि तुमची फाइल अॅक्सेस ९७ च्या काळातल्या मांडणीची असेल तर तिच्यातला मजकूर युनिकोडमध्ये नसून त्या काळच्या अक्षरसंचात असतो. शेऱ्यांच्या रकान्यात अंशाचे चिन्ह वगैरे असेल आणि बाहेर काढल्यावर तिथे चौकोन दिसला, तर एमडीबीटूल्सला योग्य अक्षरसंच सांगून पुन्हा काढा. संख्यांना याचा त्रास होत नाही.

पाहुणा

विषय मिळताजुळता असल्यामुळे इथेच विचारतो. माझ्याकडे अॅपलच्या एम१ प्रोसेसरचा मॅक आहे. तिथेही वाइनने असेच काम होईल का?

आतलेघर

तिथे आणखी एक पायरी मध्ये येते, कारण प्रोसेसरची भाषाच वेगळी आहे. नोंदवही यांच्या बाबतीत सूचना जशाच्या तशा चालतात. तुमच्या मॅकवर इंटेलच्या सूचनांचे आर्मच्या, म्हणजे एम१ च्या घराण्यातल्या, सूचनांत भाषांतर करावे लागते. २०२० मध्ये एम१ बरोबर आलेले रोझेटा २ हे काम करते, आणि बराचसा कोड प्रोग्राम चालण्याआधीच भाषांतरित करून ठेवत असल्यामुळे वेग समाधानकारक राहतो. वाइनची विंडोज-फंक्शन आणि त्यांच्याखाली रोझेटाचे भाषांतर, अशी दुमजली रचना होते. २०१९ च्या मॅकओएस कॅटलिनापासून मॅकचे स्वतःचे ३२-बिट प्रोग्राम चालत नाहीत, तरी विंडोजचे ३२-बिट प्रोग्राम चालवण्याची वाट वाइनवर आधारलेल्या क्रॉसओव्हरने काढली आहे. आभासी संगणकाचा मार्ग मात्र तुमच्यासाठी अवघड आहे. तो यजमानाच्याच प्रोसेसरवर सूचना धाववतो, म्हणून एम१ वर आर्मसाठीची विंडोज वेगाने चालेल, पण एक्सपी चालणार नाही. तिच्यासाठी क्यूईएमयूसारखा प्रोसेसरची संपूर्ण नक्कल करणारा एम्युलेटर लागेल आणि तो बराच संथ असतो. रोज एकदा नोंदी उतरवण्याइतक्या कामाला तो वेग पुरतो. त्याहून जड कामाला नाही.

नोंदवही

दोन्ही अडचणी सुटल्या. रजिस्ट्रीत कॉम१ चा मार्ग लिहिल्यावर नोंदपेटीने पहिल्याच प्रयत्नात उत्तर दिले. दिनांकाचे निदान तर तंतोतंत खरे निघाले. ब्रिटिश इंग्रजीची निवड माझ्या लिनक्सवर तयार नव्हती, त्यामुळे पहिल्या वेळी फरक पडला नाही. तुम्ही ते आधीच लिहून ठेवले नसते तर मी उपायच चुकीचा ठरवून दुसरीकडे वळलो असतो.

एमडीबीटूल्सने सर्व तक्ते बाहेर काढले आहेत. दैनिक बेरजांच्या ८,०२१ ओळी मिळाल्या. जुन्या छापील अहवालांपैकी तीन वर्षांच्या पावसाळ्याचे महिने मी वाइनवरच्या अहवालांशी आणि या ओळींशी ताडून पाहिले, एकही फरक आढळला नाही. शेऱ्यांच्या रकान्यात अंशाचे चिन्ह खरोखरच बिघडले होते, ते अक्षरसंच सांगितल्यावर नीट झाले. तूर्त मी वाइनवरच राहणार आहे आणि आभासी संगणकही उभा करून बाजूला ठेवणार आहे.

आता एक वेगळाच प्रश्न मनात घोळतो आहे. नोंदपेटी अजून दहा वर्षे सहज चालेल. तिच्याशी बोलण्याची भाषा मात्र फक्त या प्रोग्रामला ठाऊक आहे आणि तिची माहितीपुस्तिका कुठेही मिळत नाही. ती भाषा या प्रोग्रामकडूनच शिकून घेण्याचा काही मार्ग आहे का?

दुवासाधक

आहे, आणि इथे वाइनचा एक अनपेक्षित फायदा होतो. वाइनवर चालणारा तुमचा प्रोग्राम शेवटी लिनक्सचीच एक प्रक्रिया असतो, म्हणून लिनक्सवरचे तपासणीचे नेहमीचे साधन, एसट्रेस (strace), त्यालाही लावता येते. सिरियल उपकरणावर तो कोणती बाइट लिहितो आणि तिकडून कोणती वाचतो हे त्यात ओळीओळीने दिसते. दाखवायच्या मजकुराची लांबी वाढवून घ्या, नाहीतर तो मध्येच तोडलेला दिसेल. नोंदपेटीत ठाऊक असलेल्या खुणा पाडून घ्या, म्हणजे वाटी हाताने पाच वेळा, मग सात वेळा कलती करा, आणि दोन्ही वेळच्या उत्तरांत काय बदलले ते पाहा. पोर्टचा वेग आणि पॅरिटीची (चूक ओळखण्यासाठीच्या जादा बिटची) निवडही त्याच नोंदीत सापडेल.

नोंदवही

काल रात्री करून पाहिले. प्रोग्राम ९६०० च्या वेगाने एकच अक्षर पाठवतो आणि वाट पाहतो. उत्तरात प्रत्येक खुणेसाठी सहा बाइट येतात. पाच वेळा वाटी कलती केल्यावर तीस आल्या आणि सात वेळा केल्यावर बेचाळीस. शेवटी दोन बाइट जास्तीच्या असतात, त्या बहुधा पडताळणीच्या बेरजेच्या असाव्यात, पण ती बेरीज कशी काढली आहे ते अजून जुळलेले नाही. दोन्ही वेळच्या बाइट मी वेगळ्या टिपणात उतरवून ठेवत आहे. कोणाला त्यात काही सूत्र दिसले तर अवश्य कळवावे.